तीनशे बारा वाक्यं

माझा धंदा काय ते कळलं की लोक आधी हसतात आणि मग फोन पुढे करतात. "बघ ना जरा, यात कुठला ब्राउझर टाकू?" दातांच्या डॉक्टरांनी तर एकदा माझा जबडा उघडा ठेवून हाच प्रश्न विचारला होता. मी ब्राउझर तपासते. ज्याच्यातून आपण इंटरनेटवरची पानं उघडतो, ते साधन. बहुतेकांना असं काही वेगळं साधन असतं याचाच पत्ता नसतो. ते म्हणतात, "मी इंटरनेट वापरतो." म्हणजे क्रोम, नाहीतर एज, आयफोनवर सफारी, जे समोर आलं ते. फायरफॉक्सवाले स्वतःला जरा विचारी समजतात. ब्रेव्ह आणि विवाल्डीवाले आपण ते वापरतो हे पाच मिनिटांच्या आत तुमच्या कानावर घातल्याशिवाय राहत नाहीत. आणि त्यांच्याही पलीकडे असे कितीतरी ब्राउझर आहेत, की ज्यांची नावं फक्त बनवणाऱ्याला, त्याच्या बायकोला आणि मला ठाऊक. एका मासिकात मी या सगळ्यांची तुलना करते, गुण देते, आणि ज्यांच्या लाडक्याला कमी मिळाले त्यांच्या शिव्या खाते.

या कामात एक नियम फार कडक असतो. तपासायच्या आधी ब्राउझर कोरा करायचा. वापरातला ब्राउझर आधीचं बरंच काही जवळ बाळगून असतो: चित्रं, पासवर्ड, कुठल्या पानाने काय जपून ठेवायला दिलंय ते. ते असलं की पान झटकन उघडतं आणि वेळ खोटी येते. म्हणून 'सगळा डेटा पुसा', 'अगदी सुरुवातीपासूनचा', सगळ्या चौकटींत टिक, आणि 'हे परत आणता येणार नाही, नक्की?' असं विचारलं की 'हो'. अकरा वर्षांत हे मी किती हजार वेळा केलं असेल देव जाणे. बोटं आपोआप जातात. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलींना मी हेच आधी शिकवते आणि वर सांगते, ही सवय लागली की तुमच्या हातून चूक व्हायची नाही.

याच सवयीने मी माझ्या बाबांचा आवाज पुसून टाकला. लेख वेळेवर द्यायचा होता म्हणून, एका बुधवारी सकाळी साडेदहाला, चहा पीत पीत.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. चौतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अख्ख्या गावाला क्लच सोडायला शिकवला. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, पण तो ते फारसा वापरत नसत. "माझा ब्रेक गळ्यात आहे," म्हणायचे. आणि खरंच, त्यांनी एकदा 'थांब' म्हटलं की शिकणाऱ्याचा पाय आपसूक खाली जायचा. आमच्या रस्त्याच्या टोकाला ते कोणावर ओरडत असले की आई इकडे स्वयंपाकघरात गॅस बारीक करायची, म्हणजे पाच मिनिटांत घरी येतायत. घरात मात्र त्यांचा आवाज वेगळा होता. आईला त्यांनी जन्मात नावाने हाक मारली नाही. 'अगं.' बस्स. पण त्या एका 'अगं'चे इतके प्रकार होते की मी लहानपणी त्यांच्यावरून हवामान ओळखायचे. चष्मा सापडत नसल्याचा अगं, भूक लागल्याचा अगं, काहीतरी फोडून ठेवल्याचा हळू अगं, आणि एक लांब ओढलेला, ज्याचा अर्थ नुसताच 'कुठे आहेस' एवढा असायचा.

गेल्या वर्षी त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सरळच सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. कुजबुजसुद्धा नाही. श्वास मानेला केलेल्या भोकातून. बाबांनी विचारलं, "किती दिवस आहेत?" डॉक्टरांना वाटलं ते आयुष्याचं विचारतायत. ते म्हणाले, "अहो, तुम्ही व्यवस्थित जगाल." बाबा म्हणाले, "ते नाही हो. बोलायला किती दिवस आहेत?"

बारा दिवस होते.

तिथे वाचा-उपचाराच्या एक मॅडम होत्या. त्यांनी बाबांना एक पान दाखवलं. कुठल्याशा संस्थेतल्या दोन स्वयंसेवकांनी फुकटात बनवलेलं, साधं, राखाडी रंगाचं. लाल बटण दाबून एक वाक्य बोलायचं, खाली ते लिहायचं. मग पुढे कधीही त्या वाक्यावर बोट ठेवलं की तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू येतं. मॅडमनी त्यांना नीट सांगितलं होतं की हे सगळं तुमच्याच कंप्युटरवर, तुमच्याच ब्राउझरमध्ये राहतं, आमच्याकडे काहीही येत नाही. बाबांना हीच गोष्ट आवडली. "आपला गळा आपल्याच घरात बरा," म्हणाले.

त्यांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. नेहमीचे ब्राउझर त्याच्यावर धापा टाकायचे, म्हणून मीच कधीकाळी एक हलकाफुलका, कुणाला माहीत नसलेला ब्राउझर टाकून दिला होता. त्याच्या चिन्हात एक गोगलगाय होती, आणि बाबा त्याला गोगलगायच म्हणायचे. मी त्यांना चिडवायचे की जगातले एकूण चार लोक हा वापरतात, त्यातले एक तुम्ही. ते म्हणायचे, "साहेब, जिचं नाव गोगलगाय ती निदान खोटं तरी बोलत नाही." मला ते साहेब म्हणायचे, मी प्रत्येक गोष्टीला गुण देते म्हणून.

ते बारा दिवस बाबा खोलीचं दार लावून बसत. आत घसा खाकरल्याचा आवाज, मग एखादं वाक्य, मग शांतता. मॅडमनी दिलेली यादी होती: पाणी हवंय, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा, मला एकटं सोडा. ती एका दिवसात उरकली. मग त्यांची स्वतःची सुरू झाली. 'चहा गार झालाय.' 'हे बिल परत बघा, चुकलंय.' 'आरशात बघ, मग वळ.' 'कोण म्हणतं?' 'मी सांगत होतो ना!' हे शेवटचं त्यांनी चार वेळा घेतलं, कारण मनासारखं खोचक येईना. घसा इतका बसलेला, की दहा वाक्यांनंतर त्यांना तासभर गप्प बसावं लागायचं. पानावरचा वाक्यांचा आकडा वाढत गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तीनशे बारा झाली होती. त्यातली चाळीस नुसती 'अगं' होती.

आईला हे दाराच्या फटीतून ऐकताना कळलं. ती मला म्हणाली, "काय गं हा वेडेपणा. चाळीस वेळा?" आणि पदराने तोंड पुसत गॅलरीत निघून गेली.

आणि आता मला जे सांगताना तोंड लपवावंसं वाटतं ते. त्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, "साहेब, याची एक कॉपी काढून ठेव कुठेतरी. हे सगळं इथेच आहे म्हणे, बाहेर कुठे जात नाही." मी फोनवर संपादकांशी बोलत होते. मी हाताने 'हो हो' केलं. नंतर मी म्हणाले, "अहो बाबा, जातं कुठे, आहे ना ते." माझ्या डोक्यात ते 'इंटरनेटवर' होतं. ज्या अडाणीपणाला मी अकरा वर्षं हसत आले, तोच. बाबांना कळलेलं होतं, मॅडमनी सांगितलेलं होतं, आणि ब्राउझरवर लेख लिहिणाऱ्या बाईने ते कानामागे टाकलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाबा अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. आई सकाळी सातला जायची, संध्याकाळी मी तिला सोडवायचे. त्याच दिवसांत संपादकांनी नव्या अंकाचा विषय दिला: नावाजलेले ब्राउझर विरुद्ध अनोळखी ब्राउझर, तेही जुन्या कंप्युटरवर आणि जुन्या फोनवर. "लोकांकडे काही नवी मशिनं नसतात," ते म्हणाले. ऑफिसातली यंत्रं सगळी नवी. मला एक थकलेला, धुळीने भरलेला, खऱ्या माणसाने वापरलेला लॅपटॉप हवा होता. मी म्हटलं, अरे, घरीच तर आहे.

तर त्या बुधवारी मी बाबांच्या टेबलाशी बसले. सात ब्राउझर नवे टाकले, आठवी गोगलगाय आधीपासून होती. दहा ठरलेली पानं, प्रत्येक तीनदा उघडायचं, वेळ लिहायची. प्रत्येक वेळी आधी कोरं करायचं. क्रोमचं केलं, फायरफॉक्सचं केलं, ऑपेराचं केलं. गोगलगायीची पाळी आली तेव्हा चहा पिऊन संपत आला होता. सगळ्या चौकटी, अगदी सुरुवातीपासूनचा, हे परत आणता येणार नाही, नक्की? हो. एवढंच मला आठवतं. पुसायला जरा जास्त वेळ लागला, इतरांपेक्षा पाच-सहा सेकंद जास्त, आणि मला आठवतंय की मी वहीत नोंद केली: 'डेटा पुसायला मंद'. आणि अर्धा गुण कापला.

तरीही गोगलगाय पहिली आली. नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर तिच्यासारखं कोणीच पळालं नाही. लेख छापून आला. मथळाही मीच दिला होता, 'अनोळखी पण अव्वल'. पुष्कळ लोकांनी वाचला, दोघातिघांनी शिव्या दिल्या, म्हणजे चांगला झाला होता.

बाबा घरी आले त्या दिवशी आईने त्यांचं टेबल पुसून स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. मानेला जाळीचा रुमाल, हातात पाटीसारखी वही, खिशात पेन. वजन इतकं उतरलेलं की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. अठरा दिवस ते लिहून बोलले होते आणि त्याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. बूटसुद्धा न काढता ते टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला. आई ओट्याला टेकून उभी राहिली, हात पदराला पुसत, अशी की जणू तिचं लक्षच नाही. ती दोन दिवसांपासून वाट बघत होती हे मला माहीत होतं. तिने केस धुतले होते.

बाबांनी गोगलगायीवर बोट ठेवलं. राखाडी पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: 'तुम्ही अजून एकही वाक्य रेकॉर्ड केलेलं नाही. माइकजवळ या, लाल बटण दाबा आणि स्पष्ट आवाजात बोला.'

बाबांनी पान बंद करून परत उघडलं. परत तेच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अडलेला माणूस जाणत्याकडे पाहतो तसं.

मला त्याच क्षणी कळलं. पण माणूस किती लबाड असतो बघा, मी म्हटलं, "थांबा, थांबा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये असेल." प्रत्येक ब्राउझर आपलं आपल्यापाशी ठेवतो, एकाचं दुसऱ्यात कधीच सापडत नाही, हे मी दोनशे वेळा छापून आणलंय. तरी मी क्रोम उघडला. 'तुम्ही अजून एकही वाक्य रेकॉर्ड केलेलं नाही.' एज. फायरफॉक्स. ऑपेरा. ब्रेव्ह. विवाल्डी. एक असा, ज्याचं नाव मलाही वाचून बघावं लागलं. मग बाबांचा फोन घेतला, त्यातले तिन्ही उघडले. माइकजवळ या, स्पष्ट आवाजात बोला. आई आता माझ्या मागे येऊन उभी होती. पान सगळीकडे अगदी सारखं दिसत होतं, तेच बटण, तोच लाल रंग, अक्षरसुद्धा कुठे हललेलं नव्हतं. माझ्या धंद्यात याला पैकीच्या पैकी गुण देतात.

"काय झालं?" आईने विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाबांनी वही ओढली आणि लिहिलं: 'माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल. हॉस्पिटलला जायच्या घाईत.'

आईने ते वाचलं. मग एकदम तिचा बांध फुटला. "सांगत होते मी! सांगत होते ना, तुम्हाला त्यातलं कळत नाही, पोरीच्या हातात द्या सगळं! कधी म्हणून ऐकलंत? जन्मभर जगाला सांगता, हे दाब, ते दाबू नको, आणि स्वतः? आता काय? आता मी काय ऐकू?" तिचं हे शेवटचं वाक्य इतकं चिरकं निघालं की तिची तिलाच लाज वाटली असावी. ती आतल्या खोलीत गेली. बाबा बसल्या जागी वाकून बूट काढत राहिले. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पुढचे दोन आठवडे मी वेड्यासारखी धावले. आमच्या ऑफिसात पुसलेला डेटा परत काढणारा एक जण आहे, सगळे त्याला वैद्य म्हणतात. त्याने लॅपटॉप तीन दिवस ठेवून घेतला. परत देताना तो माझ्याकडे न बघता बोलला. "पुसल्यावर तू त्याच जागेवर त्या ब्राउझरच्या आणि पुढच्या सगळ्यांच्या तीस-तीस चाचण्या घेतल्यास. वर किती थर बसलेत माहीत आहे? काही राहिलं नाही गं." मी विचारलं, "एकसुद्धा? अर्धं?" तो म्हणाला, "अर्ध्या सेकंदाचं काहीतरी सापडलं. श्वास आहे. बोलायच्या आधीचा."

तो मी घेतला नाही. आता वाटतं घ्यायला हवा होता.

मग मी बाबांच्या आवाजाच्या मागे लागले. घरातले सगळे व्हिडिओ काढले. पण घरात व्हिडिओ काढायचे ते बाबाच, आणि काढताना श्वास रोखून गप्प राहायचे, हात हलू नये म्हणून. मी त्यांच्या जुन्या शिकणाऱ्यांना फोन केले, पाऊणशे तरी. नर्सबाई, वकील, भाजीवाले, दोन मास्तर. सगळ्यांनी त्यांच्या नकला करून दाखवल्या. एकीला रडू फुटलं, ती लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती आणि बाबांनी तिला चौथ्यांदा न चिडता शिकवलं होतं. शेवटी एका शिंप्याकडे अकरा सेकंदांची क्लिप निघाली. त्याच्या बायकोने मागच्या सीटवरून गंमत म्हणून काढलेली. समोर एक हातगाडी येते आणि बाबा ओरडतात, "ब्रेक! ब्रेक! अरे ब्रेक म्हणतोय मी!" आणि मग सगळे हसतात.

अकरा सेकंदांवरून आवाज तयार करून मिळतो म्हणे. तेही करून पाहिलं. जे आलं ते आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "हे कोण गृहस्थ?" ती मूळची क्लिप मात्र तिने आपल्या फोनवर घेतली. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ती लावते. स्वयंपाकघरातून बाबा ओरडतात, ब्रेक, ब्रेक, आणि खुर्चीत बसलेले बाबा वर्तमानपत्रातून मान वर करतात.

आणि रोज ती त्यांना बोलते. चिडून नाही, आता सवयीने. चहा ठेवताना, औषध देताना. "एवढंसं बटण, पण नाही, आम्हाला सगळं येतं." पूर्वी बाबा शब्दाला शब्द द्यायचे, दोघांची छान जुंपायची आणि संपायची. आता तिचं बोलणं संपतच नाही, कारण पुढून कोणी अडवत नाही. बाबांना घशाला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं आहे, त्यातून एकसुरी घरघर निघते, पण ते त्यांनी एकदाच लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. वहीवर लिहिलं, 'मिक्सर बोलतोय असं वाटतं.'

शेवटी मागच्या रविवारी माझ्याने राहवलं नाही. आई बाजारात गेली होती. मी बाबांसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "बाबा, ते तुमच्याकडून नाही झालं. मी पुसलं. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा. लेखासाठी." सगळं सांगितलं. चहा, चौकटी, अर्धा गुण. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी एखादा अहवाल वाचावा तसं बोलत गेले.

बाबा ऐकत होते. झाल्यावर त्यांनी वही घेतली. सावकाश लिहिलं, नेहमीसारखं टपोरं: 'माहीत आहे. लेख वाचला मी. हॉस्पिटलमध्येच.'

मला आधी कळेचना. मग आठवलं. मी लेखाच्या सुरुवातीला पद्धत लिहिली होती, दरवेळी लिहिते. 'ही चाचणी माझ्या वडिलांच्या नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपवर केली. प्रत्येक फेरीआधी प्रत्येक ब्राउझर पूर्णपणे कोरा करण्यात आला.' बाबा माझा प्रत्येक लेख वाचतात, पहिल्या ओळीपासून. म्हणजे घरी येऊन बूट न काढता ते जेव्हा त्या टेबलाशी बसले, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. कदाचित मी एखादी कॉपी काढली असेल, एवढीच त्यांना आशा होती. म्हणून माझ्याकडे तसं पाहिलं होतं.

"मग तुम्ही आईला असं का लिहून दाखवलंत?"

त्यांनी पान उलटलं. 'तिला सांगू नकोस. तिला कोणावर तरी चिडायला हवं. माझ्यावर चिडायची तिला सवय आहे.' मग खाली आणखी लिहिलं, 'तुझ्यावर चिडली तर तिचं दोन्हीकडचं जाईल. माझा आवाज गेलाच, लेकही जाईल.'

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्या मानेतून श्वास शिट्टीसारखा येत-जात होता. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि तेवढ्यात आईच्या किल्लीचा आवाज आला तसं वहीचं ते पान फाडून, घडी करून खिशात टाकलं.

आई पिशव्या ओट्यावर ठेवून पाणी प्यायली. तिला काहीतरी विचारायचं होतं, तिने बहुतेक बाजारातून येताना ठरवलं होतं. ओले हात पुसून तिने फोन माझ्यापुढे धरला, ती क्लिप उघडून. "हे बघ ना. तुला येतं ना सगळं. हा जो 'अरे' आहे ना त्यांचा, 'अरे ब्रेक म्हणतोय'मधला, त्याचा 'अगं' करता येईल का? एकच. मला जास्त नको."

मी म्हटलं, "नाही गं होत तसं, आई."

"नाही होत?"

"नाही."

तिने फोन परत घेतला. काचेवर तिच्या बोटांचे ओले ठसे उमटले होते, ते तिने पदराने पुसले. बाबा खुर्चीत होते, माझ्याकडे बघत. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या गालावरून हात फिरवला, कारण माझे डोळे तिला लाल दिसले असणार.

"तू नको जिवाला लावून घेऊ," ती म्हणाली. "तू केलंस ते खूप केलंस. यांनी त्याच वेळी तुझ्या हातात दिला असता ना तो कंप्युटर, तर असं झालंच नसतं."

बाबांनी माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

"हो, आई," मी म्हटलं.